खालून येणारी हवा

लिंबाजीभाऊ चहा कधी फुंकून पीत नसत. बशीत ओतायचे, निवेपर्यंत गप बसायचे आणि मग एका घोटात बशी रिकामी करायचे. मी एकदा कारण विचारलं.

"बाई, फुंकर ही माझ्या धंद्याची चीज हाय," ते म्हणाले. "चहावर कामून घालवू?"

असं बोलताना ते हसत नसत. त्यांना स्वतःच्या फुंकरीचा, बोटांचा आणि केसांचा भारी अभिमान. डोक्याला चपचपीत तेल, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि कपाळावर ढकललेला निळ्या काचांचा चष्मा. हा माणूस दिवसभर आगीपुढे बसतो असं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. गॅसच्या बारीक, सुईसारख्या ज्योतीत ते काचेची नळी धरायचे, दोन्ही हातांनी सारखी फिरवत राहायचे आणि ती गुळाच्या पाकासारखी मऊ झाली की तोंडाला लावून फुंकायचे. कॉलेजांच्या, शाळांच्या प्रयोगशाळांतली फुटकी काच दुरुस्त करणं आणि नवी घडवणं हे त्यांचं काम. परभणीत तसं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. ते मात्र "हैद्राबादच्या अलीकडं न्हाई" असं सांगायचे.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि आमचं भाड्याचं घर त्यांच्या शेडच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे होतं. तरी पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेले ती शाळेच्या कामानं. वाफेचं पाणी करायची आमची दुहेरी नळी तडकली होती. ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मी गेले. ऐन थंडी होती. दाराला गोणपाटाचा पडदा लावलेला, पण तो जमिनीपासून वीतभर वर उचललेला. मी आत शिरताना सवयीनं तो खाली ओढला.

"वर, वर!" आतून आवाज आला. "तसाच राहू द्या. खालनं हवा येऊ द्या."

नळी बघायच्या आधी त्यांनी उदबत्ती पेटवली. मला वाटलं, आता तसबिरीला ओवाळतील. तसबीर बाबासाहेबांची होती, पण उदबत्ती तिच्यापुढे गेली नाही. ती त्यांनी दारात जमिनीजवळ धरली. धूर आत वळला, त्यांच्या स्टुलामागून सरकत गेला, ज्योतीच्या वर चढला आणि छपराच्या कोपऱ्यात जी फट ठेवली होती तिच्यातून बाहेर गेला. तो दिसेनासा झाला तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"हं. दाखवा काय आणलंय."

ही उदबत्ती रोजची होती. सकाळी कामाला बसताना एक, आणि कुणी येऊन पडदा हलवला की पुन्हा एक. हवा नुसती येऊन भागत नाही, ती पाठीमागून आणि खालून आली पाहिजे, हे त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं. समोरून आली तर ज्योत हलते, तापल्या काचेला गार झोत लागतो आणि काच तडकते. आलीच नाही तर माणूस तडकतो. गॅसची टाकी त्यांनी भिंतीबाहेर ठेवली होती, नळी भिंतीतून आत घेतली होती. "हा गॅस पान्यासारखा खाली बसतोय, अन् जळालेली हवा वर जाती. म्हनून दोगांना वाटा येगळ्या." शेडमध्ये शेगडी नव्हती. ऊब हवी म्हणून ते अंगणातल्या चुलीवर विटा भाजायचे, घमेल्यातून आत आणायचे आणि गोणपाटात गुंडाळून पायाखाली ठेवायचे. विटा निवल्या की दुसऱ्या. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून मातीचा जाड गिलावा, पायाखाली फळी, खांद्यावर घोंगडी. "खोली कशाला तापवायची? मानूस तापवावा," असं म्हणायचे.

नळी त्यांनी चार दिवसांत दिली. ती गळत होती. मी परत नेली तर त्यांनी दोष आमच्या नळाच्या पाण्याला दिला, मग रबराच्या बुचाला, मग माझ्या हाताला. असे तीन आठवडे गेले. एके दिवशी शाळेत गेले तर शिपाई म्हणाला, काचवाले येऊन नवी नळी ठेवून गेले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही नाही. आमची ओळख खरी त्यानंतरची.

ते हैद्राबादेत एका उस्तादाकडे शिकले होते. त्या कारखान्याचं सांगताना आवाज खाली यायचा. एका हिवाळ्यात गारठा फार पडला म्हणून कारागिरांनी सगळी तावदानं लावून घेतली, मधोमध कोळशाची शेगडी ठेवली आणि कामाला बसले. लिंबाजीभाऊंचं डोकं जड झालं, वाटलं जागरणानं असेल. शेजारचा रहीम नावाचा कारागीर हातातली नळी फिरवता फिरवता टेबलावर डोकं टेकून झोपला. कुणी त्याला हाक मारली नाही, दमला असेल म्हणून. उस्ताद बाहेरून आले, त्यांनी दार उघडलं आणि ओरडले. सगळे उठले, रहीम उठला नाही.

"थंडी सांगून मारती, बाई," ते म्हणायचे. "हुडहुडी भरती, दात वाजतात. कोंडलेली हवा सांगत न्हाई. झोपंत मारती. मानसाला वाटतं, लय बरं वाटायलंय."

हैद्राबाद त्यांनी सोडलं ते आईसाठी. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या, त्यांत त्यांचं घर होतं. वडील आधीच गेलेले. आई, गिरजामाय, घरात एकटी. तिनं भिऊन दार-खिडकी लावून घेतली होती. खिडकीची फळी कुणीतरी काठीनं आत ढकलली आणि तेलाचा पेटता बोळा आत टाकला. मागची भिंत पावसानं भिजून फुगलेली होती, ती हातांनी उकरून गिरजामाय बाहेर पडली आणि उभ्या पिकात बसून राहिली. गावाचं नाव लिंबाजीभाऊंनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. माझं माहेर पेडगावचं, जमीनजुमल्याचं. माझ्या तोंडून तो प्रश्न कसा वाटला असता हे मला कळत होतं.

त्यांनी आईला परभणीला आणलं, शेड घेतली, शेडला लागून एक खोली. आणि मग त्या दोघांचं सुरू झालं. गिरजामायला भोक दिसलं की ती चिंधी कोंबायची. छपराच्या फटीत, पडद्याच्या खाली, भिंतीतल्या झरोक्यात. लिंबाजीभाऊ त्या चिंध्या काढायचे. ती पुन्हा कोंबायची. सकाळी गल्लीत पाणी भरताना त्यांचा वाद ऐकू यायचा.

"माय, मला मारती का आत कोंडून?"

"मी कुठं मारायले? मारनारं भायेर हाय."

"आता कोन येतंय इथं?"

"तवा तरी कुठं वाटलं हुतं?"

मग ते ज्योत मोठी करायचे आणि तिच्या आवाजात भांडण बुडवायचे. हिवाळ्यात गिरजामाय शेडमध्येच त्यांच्या मागे, घोंगडीवर बसायची. भाजलेली वीट मांडीत घ्यायची. तोंड मात्र सदा दाराकडे.

शेवटी त्यांनी तोड काढली. कुंभाराकडून खापराचे जाड, कोपरासारखे वाकडे नळ करून घेतले. ते भिंतीत जमिनीलगत बसवले, बाहेरचं तोंड खाली वळवलेलं. छपरातल्या फटीवरही तसंच वाकडं नळकांडं. झरोका विटांनी बुजवून टाकला. मग आईला अंगणात नेलं, तिच्या हातात चिंध्यांचा एक बोळा दिला आणि म्हणाले, "टाक आत. टाकून दाखव."

गिरजामायनं बोळा नळाच्या तोंडाशी धरला, ढकलला. तो वळणावर अडला. तिनं काठी घेतली, काठी वळेना. ती बराच वेळ खटपट करत राहिली. मी आमच्या दारातून बघत होते. मग ती आत गेली, नळाच्या आतल्या तोंडाशी हात धरून बसली आणि हवा हाताला लागते का ते बघितलं.

"येतीय खरी," ती म्हणाली.

त्यानंतर चिंध्या थांबल्या. दारालाही पडद्याऐवजी पत्र्याचं, आतून कडीचं दार लागलं. लिंबाजीभाऊंनी त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांना ते नळ दाखवले. मोठी बढाई मारली. मला वाटतं, त्यांनी घडवलेल्या कुठल्याही काचेपेक्षा त्यांना त्या खापराच्या नळांचा गर्व जास्त होता.

त्यांना एक वाईट खोड होती. दुसऱ्याच्या घरात गेलं की ते आधी खिडक्या बघायचे, आणि बंद असली की विचारल्याशिवाय उघडायचे. आमच्याकडे येऊनही ते हेच करायचे. माझे यजमान त्यावरून चिडायचे. पण आमचं सोडा. शेडच्या पलीकडच्या घरात काकू राहायच्या. त्यांची सुशीला माझी विद्यार्थिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पौषातला गारठा. बाळंतिणीची खोली शेडच्या बाजूला. खिडकीच्या फटींना काकूंनी कागद चिकटवले होते, दाराला जाड पडदा, आत खाटेखाली ओवा टाकलेली शेक-शेगडी.

लिंबाजीभाऊ माझ्याकडे आले. "बाई, तुमी जाऊन सांगा. माझं ऐकनार न्हाईत. त्या खिडकीतून वव्याचा वास सुदिक भायेर येत न्हाई."

मी गेले. काकू म्हणाल्या, "बाळंतिणीला वारा लागला तर तुम्ही येणार का निस्तरायला? आमच्या सात पिढ्या अशाच झाल्या." मी थोडं बोलले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी गच्चीवर तीळ वाळत घालत होते. लिंबाजीभाऊ शेडमधून बाहेर आले, त्या खिडकीखाली उभे राहिले. "सुशाबाई," त्यांनी हाक मारली. "ओ सुशाबाई!" आतून काही नाही. बाळाचा आवाज नाही. ते शेडमध्ये जाऊन लोखंडी सळई घेऊन आले आणि त्यांनी खिडकीचं दार आत ढकललं. कागद टर्रकन फाटला.

मी जिना उतरून धावले. काकूही धावल्या. सुशीला खाटेवर वाकडी पडलेली, गाल लालभडक. बाळ कुशीत, हातपाय सैल. आम्ही मायलेकरांना उचलून अंगणात उन्हात आणलं. सुशीला ओकली. बाळाच्या पाठीवर काकू थोपटत राहिल्या, थोपटत राहिल्या, आणि मग ते किरकिरलं. आधी मांजरासारखं, मग मोठ्यानं. काकू खाली बसून रडल्या.

लिंबाजीभाऊ अंगणात आले नव्हते. खिडकीच्या त्या बाजूला, सळई हातात धरून उभे होते. रडणं ऐकलं आणि शेडमध्ये गेले.

संध्याकाळी काकूंनी ती खिडकी धुतली. चौकट, गज, खालचा कट्टा. आधी पाण्यानं, मग तांब्यातून गोमूत्र शिंपडून. मी आमच्या दारात होते, लिंबाजीभाऊ त्यांच्या. दोघांनाही सगळं दिसत होतं.

"धुऊ द्या, बाई," ते म्हणाले. "धुईस्तोवर तरी खिडकी उघडी राहील."

त्यानंतर पुष्कळ दिवस ते कुणाच्या घरी गेले नाहीत. ती खिडकी मात्र पुन्हा कागदानं बुजवली गेली नाही.

वर्षं गेली. गिरजामाय वाकली. नामांतराचा विषय मधूनमधून पेटायचा, विझायचा. ज्या दिवशी पेपरात काही आलं असेल त्या दिवशी लिंबाजीभाऊ पेपर घरात आणत नसत. तरी आईला कळायचंच. गल्लीतल्या बोलण्याच्या सुरावरून कळायचं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो संक्रांतीच्या दिवसांत. गावात पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. कुठं काय झालं ह्याच्या अफवा. आमच्या गल्लीत दुपारपासूनच दारं लागली. नेमके लिंबाजीभाऊ काचेची पेटी घेऊन गंगाखेडच्या कॉलेजात गेले होते, आणि एसट्या बंद झाल्याचं कळत होतं. निघताना त्यांनी आईला नामविस्ताराचं काहीच सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून.

शाळा लवकर सुटली. घरी आल्यावर मी गिरजामायला हाक मारली. खोलीला कुलूप, शेडचं पत्र्याचं दार आतून लावलेलं. वाटलं, भिऊन बसली असेल, ओ देत नाही. थोड्या वेळानं पुन्हा गेले. दाराला हात लावला तर पत्रा कोमट लागला. मी वाकून भिंतीतल्या खापरी नळाशी हात धरला. हवा आत ओढली जात नव्हती. आतून काहीतरी घट्ट बसलेलं होतं.

मी यजमानांना बोलावलं. आम्ही दार ठोठावत होतो, कडी तुटेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून लिंबाजीभाऊ पळत येताना दिसले. एका ट्रकनं त्यांना पुलापर्यंत सोडलं होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, नळाकडे बघितलं, आणि काही न विचारता भिंतीवर पाय देऊन छपरावर चढले. वरचं नळकांडं मुळासकट उपटलं, शेजारचा पत्रा उचकटला आणि आत उडी मारली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर गिरजामाय होती.

आत घमेल्यात कोळसे धुमसत होते. गारठ्यात एकटीला विटा भाजायला अंगणात यायचा धीर झाला नसेल. प्रत्येक नळात लुगड्याचे तुकडे कोंबलेले होते. धड, नवं लुगडं फाडलं होतं.

ती श्वास घेत होती. आम्ही तिला गल्लीत, उघड्यावर निजवलं. समोरच्या, बाजूच्या खिडक्या किंचित उघडल्या. काकूंचं दार उघडलं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो आमच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला, क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. ते पाणी लिंबाजीभाऊंनी आईच्या तोंडावर मारलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मी पेज घेऊन गेले होते. लिंबाजीभाऊ खाटेशी बसले होते, अंगात तोच मळलेला सदरा, केस विस्कटलेले. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघत होते.

"माय," ते म्हणाले, "असं कामून केलंस? तुला ठावं हुतं की. जलमभर सांगायलोय."

"ठावं हुतं."

"मग?"

गिरजामाय छताकडे बघत होती. "तूच म्हन्तोस न्हवं, कोंडल्या हवेत झोपंत मरन येतं? येऊ दे की. जाळात झोप लागत न्हाई, लेकरा."

मी पेजेचं भांडं ठेवून बाहेर आले.

त्यानंतर शेडमध्ये ज्योत पेटली नाही. आलेली फुटकी काच त्यांनी ज्याची त्याला परत केली, काहींच्या घरी स्वतः नेऊन दिली. आमच्या शाळेचा एक फ्लास्क होता, तोही आला, तसाच तडकलेला. मी म्हटलं, "लिंबाजीभाऊ, कुठं जाणार? दुसरी जागा बघू." ते म्हणाले, "जागा कशी भी बगा, बाई. भिंती आल्या की तिचं अन् माजं भांडन हाय." फाल्गुनात एका सकाळी खोलीला कुलूप नव्हतं आणि आत सामान नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी मुलींची सहल घेऊन चारठाण्याला गेले. देवळं बघून झाली, मुली डबे खायला बसल्या. बाजाराच्या कडेला, मोकळ्या माळावर एका लिंबाच्या झाडापासून थोडं दूर, उन्हात, कुणीतरी पत्र्याचा तीन बाजूंचा आडोसा करून बसलं होतं. आडोशात बारीक निळी ज्योत होती. पांढरा सदरा मी ओळखला.

ते काचेचे मणी करत होते. तारेवर वितळलेल्या काचेचा थेंब घ्यायचा, फिरवायचा, राखेत टाकायचा. वाऱ्यानं ज्योत सारखी मोडत होती. दर वेळी ते हात थांबवायचे, वारा पडू द्यायचे आणि पुन्हा धरायचे. मला बघून मान हलवली, हात थांबवला नाही.

"मोठं काम?" मी विचारलं.

"वाऱ्यात होत न्हाई, बाई. नळी धरली की तडकती." तारेवर नवा थेंब घेत म्हणाले, "मनी होतेत. लेकरं घेतात."

शेजारी गिरजामाय घोंगडी पांघरून बसली होती. पाठ उन्हाला, चेहऱ्यावर जरा रया आली होती. तिनं मला बसायला पोतं पुढे केलं. मी म्हटलं, "माय, इथं गार वाटत नाही का? माळावर, असं उघड्यावर?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "पर इथं बरं हाय. कोन येतंय ते लांबून दिसतंय."

लिंबाजीभाऊंनी एक मणी राखेतून काढला, फुंकून साफ केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वाकडा होता, अजून कोमट. मुली हाका मारत होत्या. मी उठले.

रस्ता माळाच्या कडेनं बराच लांब सरळ जात होता. देवळाच्या वळणाशी पोचल्यावर मी मागे बघितलं. लिंबाजीभाऊ ज्योतीवर वाकलेले होते. गिरजामाय ताठ बसून माझ्याकडे बघत होती. मी हात केला. तिनं हात केला नाही, नुसती बघत राहिली, मी वळून दिसेनाशी होईपर्यंत.